डब्ल्यूसीजी-२ च्या मॉडेलवर बाबांच्या इंजिनाचा नंबर कसा घालू?

घाटबँकर (कोपरी, ठाणे)
नमस्कार मंडळी. बाबा मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते. कल्याण शेडची डब्ल्यूसीजी-२ (मालगाड्यांचं विजेचं इंजिन) बँकर म्हणून, म्हणजे मागून जोर द्यायला, लावून कर्जत ते लोणावळा गाड्या रेटायचे. सदतिसास एक असा चढ, १५०० व्होल्ट डीसीचे दिवस. चित्तरंजनला बनलेली ही ५७ इंजिनं, डीसी गेलं तशी तीही गेली. मी तिचं एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराचं, थ्रीडी प्रिंट केलेलं कवच घेतलं, सहा अॅक्सलच्या परदेशी चासीवर बसवलं, रंगवलंही. अडलंय ते अक्षरांवर.

पारदर्शक डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ छापील पापुद्री) कागदावर घरच्या प्रिंटरने नंबर छापला, तर पांढरं काही उमटलंच नाही. मग बाहेरून पांढऱ्या अंकांची शीट आणली. ते अंक लावले, तर प्रत्येकाभोवती चंदेरी कडा दिसते. शिवाय ते फार सरळसोट आहेत. बाबांकडे कर्जतला समोरून काढलेला एक फोटो आहे. त्यातल्या २०१२९ मधल्या दोनाची शेपटी लांब आहे, शेडच्या पेंटरने हाताने ओढलेली.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, तर आधीच चुकलंय. १६७६ मिमी भागिले ८७ म्हणजे १९.३ मिमी हवं, आणि माझं इंजिन १६.५ च्या रुळांवर उभं आहे. निदान नंबर तरी खरा हवा, असं फार वाटतं. बाजूला 'मध्य रेल्वे' पण लिहायचंय.

ऐरोलीची_मालगाडी
'मध्य रेल्वे' लिहू नका हो! इंजिनावर हिंदीतलं 'मध्य रेल' असतं. आपल्या तोंडी मराठी बसलंय म्हणून हात तिकडे जातो. मी एका डिझेलवर हीच चूक केली आणि सगळं खरवडून काढावं लागलं.

नौपाडा_वर्कशॉप
दादा, चंदेरी कडा म्हणजे डिकॅलखाली अडकलेली हवा. मॅट रंग खरखरीत असतो, त्याच्या खड्ड्यांत ती राहते. आधी ग्लॉस वार्निशचा हात, तो पूर्ण सुकला की डिकॅल, त्यावर मऊ करणारं सोल्यूशन, आणि सगळ्यात शेवटी मॅट वार्निश. जाळीच्या पट्ट्यांवर अक्षर आलं तर सोल्यूशन दोन-तीनदा लावा, बुडबुडा राहिला तर बारीक सुईने टोचा. जुलैत मात्र फवारू नका. ठाण्याच्या ओल्या हवेत लॅकर दुधाळ होतं, माझी दोन कवचं तशी गेली. लख्ख ऊन पडलेला दिवस बघा.

फॉन्ट शोधतच बसू नका. फोटो स्कॅन करा आणि त्या पेंटरचे अंक जसेच्या तसे गिरवून घ्या. उंचीसाठी फोटोतले रूळच वापरा, बफरच्या खाली दिसतात तिथले. समजा फोटोत दोन रुळांमधलं अंतर ६७ मिमी भरलं, तर फोटोतला १ मिमी म्हणजे खरे २५. अंक १० मिमीचा असेल तर खरा २५० मिमी, तुमच्या मॉडेलवर २.९. मॉडेलवर चुकलेलं गेज इथे कामी येतं, याचा मला फार आनंद आहे.

पांढऱ्यासाठी व्हाइट टोनरचा लेझर प्रिंटर असलेला छपाईवाला गाठा. देवनागरीची शिरोरेघ एवढ्या लहान मापात तुटते, म्हणून फाइलमध्येच ती थोडी जाड करा. 'ध्य' मधला अर्धा ध पण तपासा, तो भरून जातो.

ऐरोलीची_मालगाडी
आणि आधीचे अंक काढायला थिनर नको, कवचाचा रंगही जाईल. आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीवर घेऊन हळूहळू चोळा, आधी खालच्या बाजूला करून बघा.

घाटबँकर
तीन आठवड्यांनी लिहितोय. पाऊस उघडला तो रविवार गाठून वार्निश मारलं. अंकांची उंची ३.१ मिमी निघाली. कडा गेली, शेपटी आली, 'मध्य रेल' सुद्धा शिरोरेघेसकट नीट बसलं. बाबांनी खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाले, "दोन्ही टोकांना दाराजवळ कॅबचा आकडा असतो, एक आणि दोन. तो कुठाय?"

माझ्या फोटोत फक्त समोरचा भाग आहे. कुणाकडे डब्ल्यूसीजी-२ चा बाजूचा, दार दिसेल असा फोटो आहे का?