मदत हवी आहे : एकाच लाइनवर दोन मीटर, पण वर्डचा (१६ बिटांच्या तुकड्यांचा) क्रम वेगळा

सप्रेम नमस्कार. वडोदऱ्यातील मकरपुरा येथील आमच्या कारखान्यात आरएस-४८५ च्या (दोन तारांच्या सामाईक संदेशवाहिनीच्या) एकाच लाइनवर दोन वेगळ्या बनावटीचे वीजमीटर मॉडबस या संदेशपद्धतीने जोडले असून, संगणकावरील व्होल्टेजच्या टॅगसाठी (वाचायच्या मूल्याच्या नोंदीसाठी) मी ३२ बिट फ्लोट, म्हणजे दोन वर्ड मिळून बनणारी दशांश संख्या, हा प्रकार निवडला आहे. मीटरच्या पुस्तिकेतील ४०१०१ या रजिस्टरसाठी (एक वर्ड साठवणाऱ्या कप्प्यासाठी) पत्ता १०० द्यायचा, हे उमगण्यातच एक दिवस गेला. पहिला मीटर २३० व्होल्ट बरोबर दाखवतो, दुसरा मात्र कधी जवळजवळ शून्य, तर कधी अवाढव्य आकडा. दुसऱ्याची रजिस्टरे पूर्णांक म्हणून वाचली असता पहिले सतत बदलते आणि पुढचे १७२५४ च्या आसपास राहते, त्यामुळे वर्ड उलट क्रमाने येत असावेत. संपूर्ण चॅनलचा (त्या लाइनवरील सर्व उपकरणांचा मिळून) क्रम बदलला, की पहिला मीटर बिघडतो. हा क्रम केवळ एका उपकरणापुरता ठरवण्याची सोय कुठे असते? रजिस्टरे स्वतंत्र वाचून जोडल्यास मधल्या क्षणी मूल्य बदलण्याची भीती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.