कोव्हिशील्डचा धोका २०२१ मध्येच जाहीर झाला होता, मग २०२४ मध्ये आपण एवढे का हादरलो?

नदीकाठ :
मे २०२४ मध्ये साताऱ्याहून आईचा फोन आला. "त्या लशीनं रक्ताच्या गुठळ्या होतात म्हणे. कंपनीनं कोर्टात कबूल केलंय. माझे तर दोन्ही डोस झालेत रे." कोव्हिशील्ड मुळात ज्या कंपनीची, त्या अ‍ॅस्ट्राझेनेकानं ब्रिटनच्या न्यायालयात दिलेल्या कागदपत्रांत तसं वाक्य खरंच होतं : अत्यंत दुर्मीळ प्रसंगी लशीमुळे टीटीएस, म्हणजे गुठळ्या आणि सोबत प्लेटलेट घटणं, होऊ शकतं. आईकडे आलेल्या मेसेजमध्ये 'कबुली' होती, 'दुर्मीळ' गळलेलं होतं.

मला वाईट याचं वाटलं की यात नवं काहीच नव्हतं. १७ मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं हेच जाहीर केलं होतं. कोव्हिशील्डनंतर गुठळ्यांची २६ संभाव्य प्रकरणं, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१. लस घेतल्यावर वीस दिवसांत धाप लागली, छातीत दुखलं, हातपाय सुजले, पोट किंवा डोकं दुखायचं थांबेना, तर लगेच दवाखाना गाठा, असंही त्यात होतं. ही वीस दिवसांची गोष्ट आईला तेव्हाच कळली असती, तर तीन वर्षांनी तिची झोप उडाली नसती. लस घेतल्यावर केंद्रावर अर्धा तास बसवून ठेवायचे. त्या अर्ध्या तासात एक मराठी कागद हातात देता आला नसता?

ब्रिटननं ७ एप्रिल २०२१ रोजी याच लशीचे वयानुसार तक्तेच लोकांपुढे मांडले. संसर्गाचा धोका कमी असताना विशीतल्या एक लाख लोकांमागे लशीनं ०.८ जण आयसीयूपासून वाचणार आणि १.१ जणांना गंभीर इजा होणार. साठीतल्या लोकांत हेच आकडे १४.१ आणि ०.२. म्हणून तिशीच्या आतल्यांना वेगळ्या कंपनीची लस. माणसाला असं सांगितलं की तो स्वतः विचार करतो. आपल्याकडे माहिती जाहीर झाली, पण लोकांना कोणी सांगितली नाही.

पाड्यावरची सिस्टर :
दादा, तुमच्या आईंची काळजी समजते. पण मी तेव्हा नंदुरबार जिल्ह्यात पाड्यांवर लसीकरणाला जात होते. आमची गाडी दिसली की लोक शेतात निघून जायचे. 'लस घेतली की माणूस मरतो' हे आमच्या आधी पोचलेलं असायचं. कोव्हिशील्डची व्हायल दहा डोसांची, उघडली की चार तासांत संपवायची. दहा माणसं जमवायला आशाताई आणि मी दारोदार फिरायचो. तिथे मी गुठळ्यांचा कागद वाटला असता तर? दहा लाखांत एक सांगा की हजारात एक, भ्यायलेल्या माणसाला तो 'एक' आपल्याच घरातला वाटतो.

ब्रिटनकडे तरुणांना द्यायला दुसरी लस होती. आमच्याकडे जी आली ती आली. आणि त्याच महिन्यात दुसऱ्या लाटेनं माणसं जात होती. घाबरून घरी बसलेल्याचा धोका कुठल्या तक्त्यात मांडणार? मी लोकांसमोर आधी स्वतः टोचून घेतलं. लोक त्यावर आले, आकड्यावर नाही.

कोरा कागद :
सिस्टरांच्या बाजूनं एक जुना दाखला. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्याच औषध सुरक्षा समितीनं सांगितलं की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. खोटं काहीच नव्हतं. पण मूळ धोका होता सात हजारांत एक, तो झाला दोन. बायकांनी 'दुप्पट' ऐकलं आणि गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे कुणाच्या कानावर गेलंच नाही. तेव्हा नदीकाठ, 'सगळं सांगा' एवढ्यानं भागत नाही.

नदीकाठ :
पण हा दाखला माझ्याच बाजूचा आहे! तिथे अर्धंच सांगितलं. 'सात हजारांत एकाचे दोन' असा मथळा असता, तर इतक्या बायका घाबरल्या असत्या का? सिस्टर, तुम्ही आधी टोचून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तुमच्यावर विश्वास ठेवून दंड पुढे करणाऱ्या बाईला वीस दिवसांत सतत डोकं दुखलं असतं, तर ते तुम्हाला येऊन सांगायचं हे तिला ठाऊक होतं का?

चिंचबन :
माझा मामेभाऊ २०२२ मध्ये गेला. वय एकतीस. घरात सगळे आजही लशीला दोष देतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, अभ्यास आला, १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंवर. ४७ रुग्णालयं, ७२९ मृत्यू, तुलनेला २,९१६ जण. लशीनं धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. मी हे मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे सरकार सुटलं." मला पुढे काही बोलता आलं नाही.

खरं तर त्याच अभ्यासात त्यांच्या उपयोगाचं होतं, धोका कशाकशानं वाढलेला दिसला ते. कुटुंबात आधी कुणी असं अचानक गेलेलं असणं, कोविडसाठी रुग्णालयात राहावं लागलेलं असणं, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत खूप दारू किंवा अतिश्रमाचा व्यायाम. मामांचे एक काका असेच गेले होते. गेलेल्याचा धाकटा भाऊ अजून आहे, रोज जिमला जातो. पण टीव्हीवर एकच वाक्य फिरलं, लस निर्दोष. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना निर्दोष कोण हे नको असतं, उरलेल्याला कसं जपायचं ते हवं असतं.

पाड्यावरची सिस्टर :
चिंचबन, त्या धाकट्याला आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. ईसीजी, इको करून घ्या. लस आणि आकडे बाजूला ठेवा, काकांचं तेवढं डॉक्टरांना नक्की सांगा.

नदीकाठ, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. नाही, त्या बाईला ते ठाऊक नव्हतं. मी 'ताप आला तर गोळी घे' एवढंच सांगायचे. पण कागदाचं मला अजून पटत नाही. आमच्या पाड्यांवर पावरी बोलतात, तुमची मराठीही तिथे परकीच. कागदापेक्षा पावरी बोलणाऱ्या आशाताईला आधी एक दिवस बसवून शिकवलं असतं आणि नंतर वीस दिवस घरोघरी फिरायचे पैसे दिले असते, तर ती प्रत्येकीला डोकं दुखतं का विचारून आली असती. आम्हाला रोज किती डोस दिले याचा आकडा वर पाठवायचा होता. किती जणींना नंतर जाऊन भेटलो, हे कुणी विचारलं नाही.