एक्स-रे नॉर्मल म्हणजे नाटक?

वैशाली (बी-३०२): नमस्कार सोसायटी ग्रुप. काल प्रसादाच्या वेळी "हिला खाजे चावत नाही, मीटिंगला मात्र तोंड बरं चालतं" असं कोणीतरी म्हटलं, त्यांच्यासाठी हे. जबड्याचा सांधा दुखतो माझा. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. कानापुढे कट् वाजतं ते शेजारी बसलेल्यालाही ऐकू येतं. चारचौघांत हसण्यासारखं यात काय होतं?

उदय (ए-१०१): वहिनी, नाव कोणाचंच घेतलं नव्हतं. आणि एक्स-रे नॉर्मल आला हे तुम्हीच सांगितलंत ना?

मीना काकी (बी-१०२): अक्कलदाढ काढून टाक गो. आमच्या जाऊबाईंनी काढली, सुटल्या.

वैशाली: उदयभाऊ, नॉर्मल आला तो ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे. त्यात दात आणि हाडं दिसतात. सांध्यात दोन हाडांमध्ये मऊ चकती असते, ती सरकली की वाजतं, अडकतं. ती चकती एक्स-रेत उमटतच नाही, त्याला एमआरआय लागतो. तेव्हा ते ‘नॉर्मल’ मला ऐकवू नका.

सेक्रेटरी: उद्या टाकी सफाई. १० ते १ पाणी बंद.

उदय: टाकी मार्चमध्येच झाली ना? बिल कुठंय?

सेक्रेटरी: फाइलला आहे. या कधीही बघायला, तुम्हाला कोणी अडवलंय?

रोहन (ए-२०३): माझा ओपीजी टाकतोय, कोणीतरी बघा. खाली उपदाढेच्या मुळाशी काळा ठिपका आहे. रात्रभर झोप नाही.

मीना काकी: काळं म्हणजे किडलंय. काढून टाक रे.

शिरोडकर काका (बी-२०१): थांबा जरा. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, अख्खी नोकरी एक्स-रेवर गेली माझी. फिल्मवर घट्ट ते पांढरं, दाताचं कवच, भरलेली चांदी. पोकळ ते काळं. खालच्या जबड्यातली नस दाढांखालून पुढे येते आणि उपदाढांपाशी एका छिद्रातून बाहेर पडते. ते मेंटल फोरामेन. रोहन, तुझ्या दोन्ही बाजूंना सारखाच ठिपका दिसतोय. पुष्कळदा त्यालाच पू समजतात. तरी डॉक्टरांना थंड लावून, ठोकून दात तपासू दे. नुसती फिल्म बघून दात काढायचा नसतो, काकी.

मीना काकी: अनुभवाचं सांगितलं आपलं. मोठ्यांचं ऐकतंय कोण हल्ली.

स्नेहा (ए-३०१): काका, मुलाचा ओपीजी काढायला सांगितलाय. रेडिएशनचं काय?

शिरोडकर काका: एका ओपीजीला साधारण २० मायक्रोसिव्हर्ट, हे रेडिएशन मोजायचं माप. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २४०० मिळतात, म्हणजे हे तीनेक दिवसांचं झालं. गरज असेल तर भिऊ नका. उगाच मात्र काढू नका, मुलांचा तर नाहीच.

उदय: म्हणजे वहिनी, पोदेराचा उंडो, तो कडक पाव, बंद झाला की झालात बऱ्या 😀

वैशाली: उंडो केव्हाच बंद आहे. पेज, मऊ भात, गरम शेक. झोपेत दात आवळते म्हणून रात्री स्प्लिंट, दातांवर बसवायचा साचा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरते. नुसतंच वाजत असेल, दुखत नसेल, तर बहुतेकांना उपचारही लागत नाहीत. मला दुखतं.

मीना काकी: मग दाढ काढून बघायला काय हरकत आहे?

वैशाली: काकी, दाढ सरळ आहे, धड आहे. दुखतो तो सांधा.

उदय: बरं, लागलं असेल तर राग मानू नका. शुक्रवारी आईला घेऊन बांबोळीला डेंटल कॉलेजात जातोय. गाडीत दोन जागा आहेत.

रोहन: एक माझी.

वैशाली: राग आहे अजून. दुसरी जागा स्नेहाला द्या. स्नेहा, मुलाचा जुना एक्स-रे असेल तर बरोबर ने, कदाचित नवा काढावा लागणार नाही.