मदत हवी आहे : पिनिअलमधलं कॅल्शियम कसं काढायचं?

आईचा सीटी स्कॅन झाला. मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीत कॅल्सिफिकेशन (कॅल्शियम साचलेलं) निघालंय. डॉक्टर सोमवारी भेटणार. मामा म्हणतो, ही ग्रंथी म्हणजे तिसरा डोळा, तो टूथपेस्टमधल्या फ्लोराइडने बंद पडलाय. काल त्याने पेस्ट फेकून बेसिनवर राखुंडीची डबी ठेवली! हे कॅल्शियम काढता येतं का? प्लीज लवकर सांगा.

कोकणकडा : वय काय? स्कॅन कशासाठी काढला? रिपोर्टमधलं वाक्य जसंच्या तसं टंका.

सहस्रदल : मामा बरोबर आहेत. पिनिअल म्हणजेच आज्ञाचक्र. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचा. पहाटे भ्रूमध्यावर ध्यान करायला सांगा, मी ११ वर्षं करतोय.

डार्करूम : सहाव्या अध्यायात कुंडलिनी आहे हो, पिनिअल कुठे आहे? ही सांगड थिऑसॉफीवाल्या ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या १८८८च्या ग्रंथातून पसरली. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने तर १६४९मध्ये आत्म्यालाच तिथे बसवलं होतं, आणि त्याचा चक्रांशी काही संबंध नव्हता.
मी एक्सरे विभागात होतो. सीटी नव्हता तेव्हा डोक्याच्या फिल्मवर हाच पांढरा ठिपका शोधायचो. मधोमध असला तर ठीक. एका बाजूला सरकलेला दिसला, की आत रक्त साचलंय किंवा गाठ आहे असा संशय. त्या कॅल्शियमवर आमचं काम चालायचं, आणि तुम्ही ते काढायला निघालात!

सहस्रदल : अनुभव फिल्मवर उमटत नाही.

चकली_वहिनी : माझ्या जावेलाही हेच होतं. प्रोलॅक्टिन वाढलेलं, गोळीने उतरलं.

कोकणकडा : ती पिट्युटरी, वहिनी. वेगळी ग्रंथी. धागाकर्ते, वय??

धागाकर्ता : ६८. बाथरूममध्ये पाय घसरला, डोक्याला टेंगूळ आलं म्हणून स्कॅन. वाक्य असं : 'पिनिअलमध्ये फिजिऑलॉजिकल कॅल्सिफिकेशन. रक्तस्राव नाही.' शिवाय झोप लागत नाही, ते लिहायचं राहिलं.

कोकणकडा : घ्या! फिजिऑलॉजिकल म्हणजे स्वाभाविक. मोठ्या माणसांत सर्रास दिसतं, काढायचं काही नसतं. मात्र उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी असली तर सोमवारपर्यंत थांबू नका, लगेच न्या.

डार्करूम : झोपेचं म्हणाल तर, अंधार झाला की पिनिअल मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन सोडते आणि डोळ्यांवर उजेड पडला की ते कमी होतं. रात्री मोबाइल बघतात का?

धागाकर्ता : मोबाइल नाही. रात्री दोनतीनदा लघवीला उठते, तेव्हा ट्यूब लावते. पुन्हा डोळा लागत नाही म्हणते. पडली तीही तेव्हाच, त्या दिवशी लाइट गेले होते.

घारुअण्णा_बोस्टन : इकडे मेलाटोनिन दुकानात असंच मिळतं. पाठवू का?

कोकणकडा : अण्णा, परस्पर गोळ्या नकोत. आधीच कसल्या गोळ्या चालू आहेत ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. वाटेत झिरोचा बल्ब लावा, तो चार्जिंगवाला घ्या. आणि रात्री इतक्यांदा का उठावं लागतं, हे सोमवारी आधी विचारा.

धागाकर्ता : बीपीची गोळी आहे, रात्री जेवणानंतर. नाव बघून सांगतो.

चकली_वहिनी : राखुंडी कुठे मिळाली पण? पुण्यात शोधून दमले मी.