मॉस्कोत एक दिवस हातात आहे, जमिनीखालची कोणती स्टेशनं बघावीत?

सेलूकर_मास्तर

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा, २९ वर्षं झेडपीच्या शाळेत चित्रकला शिकवली, आता रिटायर. भाचा कझानला डॉक्टरकी करायलाय, शेवटचं वर्ष आहे, त्याला भेटायला मी आन आमची मंडळी मार्चमधी चाललोय. विमान सकाळी मॉस्कोला उतरतंय आन कझानची रेल्वे रात्रीची, म्हणजे मधी आख्खा दिवस मोकळा.

भाचा म्हणतो मामा क्रेमलिन बघा. पण मला लई वर्षांपासून तिथल्या मेट्रोची स्टेशनं बघायचीत. लहानपणी आमच्याकडं रशियाचं ते गुळगुळीत कागदाचं मासिक यायचं, मोठ्या भावाच्या भूगोलाच्या पुस्तकाला त्याचंच कव्हर होतं आन कव्हरावर स्टेशनचा फोटो, पिवळं छत, झुंबरं लटकलेली आन खालून बाया पिशव्या घेऊन चाललेल्या. मला वाटायचं राजवाडाच आहे. भावानं सांगितलं आरं हे जमिनीखाली आहे, तर मी त्याच्याशी भांडलो होतो.

घरून विरोध आहे. "जन्मभर सेलूच्या फलाटावर बसलात, आता इतके पैसे घालून परत स्टेशनच बघायचं का?" असं म्हणणं आहे. तिचे गुडघे बी दुखतात. तर सगळी नको, चार-पाचच सांगा, पण चुकवू नये अशी. रशियन अक्षर आम्हाला एक वाचता येत नाही हे पण ध्यानात ठेवा.

लातूर_ते_मॉस्को

मास्तर काका नमस्कार, मी लातूरचा, सहा वर्षं मॉस्कोत काढली, एमबीबीएसच. तुमचं नशीब बघा, कझानची गाडी बहुतेक कझान्स्की स्टेशनवरून असंल, तिकीट तेवढं चेक करा, आन त्याच्या बरोबर खालीच तुमच्या कव्हरावरचं ते पिवळ्या छताचं स्टेशन आहे. कोमसोमोल्स्काया. फोटो तोच असणार, दुसरं तसलं पिवळं छत आन झुंबरं मला तरी आठवत नाहीत. १९५२ ला चालू झालं. श्चुसेव नावाच्या आर्किटेक्टचं डिझाईन, वरचं कझान्स्की स्टेशन त्याचंच आन लेनिनची समाधी पण त्याचीच, पण हे खालचं पूर्ण व्हायच्या आधीच तो वारला. छतावर आठ मोठी मोझॅक, म्हणजे रंगीत तुकडे बसवून केलेली चित्रं आहेत, त्यातल्या दोनात आधी स्टालिन होता, तो गेल्यावर काही वर्षांनी त्याला पुसून तिथं दुसरं बसवलं.

आता प्लॅन सांगतो. सामान कझान्स्कीच्या क्लोक रूममध्ये टाका आन खाली उतरा. एकदा आत गेलात की बाहेर पडू नका, एका तिकिटात दिवसभर गाड्या बदलत फिरलात तरी कोणी विचारत नाही. कोमसोमोल्स्काया गोल लाईनवर आहे, नकाशावर चॉकलेटी रंगाची, ५ नंबर. बारा स्टेशनं, अर्ध्या तासात चक्कर पूर्ण. स्टेशन हुकलं तर बसून राहा, परत तिथंच येतं.

अक्षरं वाचता येत नाहीत तर कान वापरा. गोल लाईनवर घड्याळाच्या दिशेनं जाणाऱ्या गाडीत पुरुषाचा आवाज असतो, उलट्या दिशेच्या गाडीत बाईचा. बाकीच्या लाईनींवर शहराच्या मध्याकडं जाताना पुरुष, बाहेर जाताना बाई. तिथली पोरं म्हणतात साहेब कामावर बोलावतो आन बायको घरी बोलावते. तुम्हाला पाहिजे बाईचा आवाज. एक सोडून दुसरं स्टेशन नोवोस्लोबोद्स्काया, तिथं उतरा. ३२ रंगीत काचेच्या चौकटी, पाठीमागून लाईट, खांबाखांबात एकेक. काचा लॅटव्हियातल्या रीगा शहरात तयार केलेल्या. गर्दी ओसरली की बाकड्यावर बसा पाच मिनिटं.

मग पुढचंच बेलारुस्काया, तिथं हिरव्या २ नंबरच्या लाईनला बदला, आता पुरुषाचा आवाज, आन पुढचं स्टेशन मायाकोव्स्काया. काका तुम्ही चित्रकलेचे, तुमचा तर इथंच अर्धा दिवस जाणार. १९३८ चं. स्टीलच्या पट्ट्या लावलेले बारीक खांब, आन छतात ओळीनं अंडाकृती खोबण्या, पण खाली उभं राहून सरळ बघितलं तर काहीच दिसत नाही, बरोबर खोबणीच्या खाली जाऊन मान मागं टाकावी लागती. मग वर आभाळ दिसतं. विमानं, पॅराशूट, फांद्या, उडी मारणारा माणूस, सगळं खालून वर बघितल्यासारखं काढलेलं. अशी ३४ मोझॅक, देइनेका नावाच्या चित्रकाराची. ३३ मीटर खोल खड्ड्यात त्यानं आभाळ घातलंय राव. युद्धात इथं लोक बॉम्बपासून लपायचे आन १९४१ च्या नोव्हेंबरात जर्मन तोंडाशी आले होते तेव्हा स्टालिननं भाषण पण इथंच केलं.

परीक्षा आहे, बाकी रात्री लिहितो. कुत्र्याचं सांगायचं राहिलंय.

गोदाकाठ

मी नांदेडचा. मास्तर जाऊन या, पण एक बोलतो, राग नका मानू. ही स्टेशनं बांधली तेव्हा तिथली जनता एकेका खोलीत एकेक कुटुंब राहायची. लोकांना वर घर नाही आन खाली संगमरवर. हा दिखावाच झाला की. आपल्याकडं म्हणलं तर फलाटावरच्या नळाला पाणी आलं की लोक फोटो काढतात, मी परवा एका जंक्शनवर दोन तास थांबलो, एक पंखा फिरंना.

आन राजधानीचीच स्टेशनं बघायची तर दिल्ली काय वाईट आहे, आपल्या नांदेडच्या सचखंड एक्सप्रेसमध्ये बसायचं, वाटेत लंगर खायचा, उतरायचं. आयएनए स्टेशनला समोर दिल्ली हाट, आत आपल्याच देशातल्या कारागिरांचं काम लावलंय. व्हिसा नको, काही नको.

वेरूळवाला

गोदाकाठ, मास्तरांचं तिकीट निघालेलं आहे, त्यांना दिल्लीला कशाला वळवता 😄

विषय थोडा सोडून लिहितो. मी संभाजीनगरचा, आयटीत आहे, दोन वर्षं स्टॉकहोमला होतो. तिथली भुयारी स्टेशनं बघून मला पहिल्या दिवशी घरची आठवण आली, खरंच सांगतो. कारण त्यांनी खडक सुरुंगानं फोडून जशी पोकळी निघाली तशीच ठेवलीय, वरून नुसता सिमेंटचा पातळ फवारा मारला आन रंग दिला. भिंत सपाट नाही, छत सपाट नाही, लेणीच. टी-सेंट्रालेन म्हणजे मुख्य स्टेशन, तिथं निळ्या लाईनचा भाग १९७५ चा, पांढऱ्या खडकावर निळ्या वेली चढवल्यात, आन एका ठिकाणी छतावर ज्या कामगारांनी ते खोदलं त्यांच्याच निळ्या सावल्या रंगवल्यात. कोणी शिडीवर, कोणी हत्यार घेऊन. ते बघून मी गाडी सोडली एक. आपल्या कैलास लेण्यात राजाचं नाव सांगतात, राष्ट्रकूट कृष्ण पहिला, पण ज्यांनी वरून खाली अख्खा डोंगर छिनला त्यांची सावली पण कुठं नाही. म्हणजे निदान मला तरी गाईडनं कधी दाखवली नाही.

सोल्ना सेंट्रमचं छत लालभडक, त्याखाली हिरवं जंगल रंगवलेलं. काही जणांना भीती वाटते तिथं. कुंगस्ट्रेडगोर्डनला भिंतीतून पाणी झिरपतं आन एक कोळी आहे जो स्वीडनमध्ये फक्त त्या स्टेशनात सापडतो.

सुंदर कोणतं जास्ती, तर मॉस्को मी बघितलं नाही. पण राजवाडा बांधण्यापेक्षा लेणं कोरणं मला जवळचं वाटतं, आम्ही वेरूळवाले, आमचं काय.

माजलगावची_सुनबाई

मास्तरांच्या मिसेससाठी लिहितेय, बाकीचं तुम्ही भांडा. आम्ही टूरनं गेलो होतो, सासूबाई बरोबर, त्यांचे पण गुडघे.

काकू, पहिली गोष्ट, साडी नेसणार असाल तर निऱ्या वर खोचा. तिथले सरकते जिने आपल्या मॉलसारखे नसतात, जोरात पळतात आन संपता संपत नाहीत. पार्क पोबेदी स्टेशनचा जिना १२६ मीटर लांब आहे, चढताना वरचं टोक दिसत नाही. सासूबाईंनी डोळे मिटून मारुती स्तोत्र म्हणलं, ते संपलं तरी जिना चालूच. उजव्या बाजूनं उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांना सोडायची, नाहीतर लोक मागून काहीतरी पुटपुटतात.

दुसरं, आत जायचे दरवाजे लई जड असतात आन दोन्ही बाजूंनी हलतात, खालची हवा त्यांना ढकलती. पुढचा माणूस दरवाजा धरून ठेवतो, तुम्ही पण मागच्यासाठी धरा. मी धरला नाही, मागच्या आजीबाईंना लागला, आजन्म लाज वाटंल इतकं बोलल्या. काय बोलल्या कळलं नाही ते बरं.

तिसरं, लाईन बदलताना पायऱ्या चढ-उतर असतेच, ती चुकत नाही. सकाळी कामाच्या वेळेला आन संध्याकाळी पाचनंतर जाऊच नका. आपलं व्हिसा-मास्टरकार्ड तिथं चालत नाही, रोख रूबल जवळ ठेवा. जिन्याच्या खाली काचेच्या खोक्यात एक मावशी बसलेली असती, तिला पत्ता विचारू नका, काचेवर लिहिलेलंच असतं म्हणे की माहिती मिळणार नाही.

लातूर_ते_मॉस्को

आलो. ताईंनी बरोबर सांगितलं, त्या मावशीनं मला सहा वर्षांत एकदाच हात केला, तो पण जिन्यावर बसलो म्हणून उठवायला.

गोदाकाठ दादा, तुमचं खोटं नाही. दिखावा होताच, १९३५ ला पहिली तेरा स्टेशनं उघडली तेव्हा मजुराला महाल असंच चाललं होतं. आन तुमच्यासारखंच नंतर त्यांच्या सरकारला पण वाटलं, १९५५ ला, स्टालिननंतरचा नेता ख्रुश्चेव याच्या काळात हुकूम निघाला की फालतू सजावट बंद. त्यानंतरची लई स्टेशनं नुसते खांब आन टाईल्स. दोन ओळींत खांबच खांब, म्हणून लोक त्यांना गोम म्हणतात. मी गोमवाल्या स्टेशनजवळ राहायचो. सकाळी झोपेत कोणतं स्टेशन आलं कळायचं नाही.

पण काका, एक स्टेशन बघून हे दिखाव्याचं प्रकरण मला तितकं सोपं वाटत नाही. मायाकोव्स्कायावरून त्याच हिरव्या लाईनवर तिसरं, नोवोकुझनेत्स्काया. छतावर देइनेकाचीच मोझॅक. ती काचेच्या तुकड्यांची बसवली लेनिनग्राडला, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गला, फ्रोलोव नावाच्या म्हाताऱ्या कारागिरानं, शहराला जर्मनांचा वेढा पडलेला, खायला नाही, थंडी. काम पुरं केलं आन १९४२ च्या त्या हिवाळ्यात तो वेढ्यातच गेला. मोझॅक तेवढी वेढ्याबाहेर काढून मॉस्कोला आणली, १९४३ ला स्टेशन उघडलं. तिथं माणसं मान वर करत नाहीत, लाईट पण मंदच आहे. तुम्ही करा.

आता कुत्रा. नोवोकुझनेत्स्कायावरून एक स्टेशन मागं तेआत्राल्नाया, तिथून आतल्या आत चालत प्लोश्चद रेवोल्युत्सी. काशाचे ७६ पुतळे, सैनिक, शेतकरीण, कोंबडीवाली, विद्यार्थी, कमानी बुटक्या म्हणून सगळे बसलेले नाहीतर वाकलेले. त्यात सीमेवरचा जवान आन त्याचा कुत्रा, असे चार कुत्रे आहेत. जाता येता लोक त्याच्या नाकाला हात लावतात, परीक्षेच्या दिवसात तर पोरं रांगेनं. अंग काळपट आन नाक सोन्यासारखं पिवळं, घासून घासून इतकं गुळगुळीत की नाकपुडी हाताला लागत नाही. माझ्या आईनं लातूरला सिद्धेश्वराला नारळ बोलला होता, मी इकडं कुत्र्याचं नाक धरलं, ॲनाटॉमीत पास झालो, श्रेय कोणाला द्यायचं ते घरात अजून ठरलं नाही.

पार्क पोबेदी नका करू, काकूंचे गुडघे बघता. आन हो, वाटेत भिंतीच्या लाल-तपकिरी संगमरवराकडं जवळून बघत चला, काही स्टेशनांत दगडात शंखासारख्या गोल गोल खुणा दिसतात, ते करोडो वर्षांपूर्वीचे समुद्रातले जीव आहेत.

सेलूकर_मास्तर

मंडळी लई उपकार. सगळं वहीत उतरवून घेतलं, स्टेशनांची नावं मराठीत आन शेजारी बाईचा आवाज का पुरुषाचा ते. वेरूळवाले, पुढच्या महिन्यात येतो तिकडं, कैलासात छिन्नीच्या खुणा दाखवा, त्या पण सावल्याच की.

फ्रोलोवचं वाचून दाखवलं तर घरचा विरोध जरा मऊ पडला, पण खरं काम कुत्र्यानं केलं. भाच्याची शेवटची परीक्षा जूनमधी आहे. आता तीच म्हणायली आधी कुत्र्याकडं जाऊ मग बाकीचं. फक्त एक विचारायला लावलंय, नाकाला हळदकुंकू वाहिलं तर चालतं का?

लातूर_ते_मॉस्को

काकूंना सांगा नुसता हात लावा. कुंकू बघितलं तर मावशी खोक्यातून बाहेर येईल.