मदत हवी आहे : मासेमारी कायदा आणि जागतिक व्यापार

मंडळी, मी नाशिकला एलएलएम करतेय. प्रबंधाचा विषय आहे, जागतिकीकरणामुळे आपले मासेमारीचे कायदे कसे बदलले. (नाशकात बसून समुद्राचा विषय का घेतलास, हे घरचे रोज विचारतात, तुम्ही नका विचारू!)

राज्यघटनेनुसार मासेमारी हा राज्याचा विषय, प्रादेशिक समुद्राच्या, म्हणजे १२ सागरी मैलांच्या पलीकडची केंद्राचा. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा, २०२१ मध्ये सुधारलेला. इथपर्यंत ठीक. पण खरा दट्ट्या बाहेरून येतो, असं माझं मत बनत चाललंय. कासवांचंच बघा. ट्रॉल म्हणजे बोटीमागून ओढायचं जाळं, त्यात कासवंही अडकतात. म्हणून त्याच्या गळ्यात गजांची एक तिरकी जाळी बसवायची. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव अडतं आणि झडपेतून बाहेर पडतं. १९८९ च्या अमेरिकी कायद्यानुसार अशी सोय नसलेल्या देशांची समुद्रातली कोळंबी तिथे चालत नाही, आणि २०१९ मध्ये आपल्यावर ती बंदी आलीच. म्हणजे कायदा वॉशिंग्टनचा, जाळं आपल्या तांडेलाचं (बोटीच्या म्होरक्याचं)! डब्ल्यूटीओचा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा, मासेमारीला सरकारं देतात त्या अनुदानांबद्दलचा २०२२ चा करार वेगळाच. तो सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय.

तर, राज्याच्या मत्स्य कायद्याखालच्या जुन्या अधिसूचना, शक्यतो मराठी राजपत्रातल्या, एकत्र कुठे मिळतील? आणि रत्नागिरी-मालवणकडच्या कुणा ताई-दादांच्या ओळखीचे ट्रॉलरमालक फोनवर बोलतील का? नाव छापणार नाही. मेसेज केलात तरी चालेल.