दोन ॲस्टेरिस्कपुढे कमाइलिओ ठेवावा की ओपनसिप्स?

प्रश्न:
दोन ॲस्टेरिस्क (टेलिफोन एक्सचेंजचं सॉफ्टवेअर) सर्व्हर, ३०० एसआयपी (इंटरनेटवरून कॉल जोडण्याचा प्रोटोकॉल) फोन, निम्मे घरच्या राउटरमागे. एका मशीनवर ६० कॉल झाले की पुढचा कॉल दुसऱ्यावर जायला हवा. पुढे कॉल वाटून देणारा एसआयपी सर्व्हर म्हणून कमाइलिओ लावू की ओपनसिप्स? दोन्ही ओपनसेर या जुन्या प्रकल्पातूनच निघालेत ना, मग एकाची कॉन्फिग दुसऱ्यावर चालेल का?

उत्तर १:
नाही चालणार. २००८ मध्ये ओपनसेरचं नाव कमाइलिओ झालं आणि तेव्हाच ओपनसिप्स वेगळा निघाला. कमाइलिओत पुढे मूळ एसईआरचा (ज्यातून ओपनसेर निघाला त्या प्रकल्पाचा) कोडही मिसळला. मॉड्यूलची नावं ओळखीची वाटतात, पण आतले पॅरामीटर बदललेत. डोळे झाकून कॉपी करू नका.

तुमची गरज मुळात कॉल मोजण्याची आहे, म्हणून माझं मत ओपनसिप्सला. त्याच्या लोड बॅलन्सर मॉड्यूलच्या टेबलात प्रत्येक ॲस्टेरिस्कपुढे क्षमता ६० लिहिली की झालं. मोजणी डायलॉग (चालू कॉलची नोंद) मॉड्यूल करतं. दोन्ही भरले की फंक्शन अपयशी ठरतं, तिथे ५०३ (‘सेवा उपलब्ध नाही’ हा संदेश) तुम्ही स्वतः पाठवायचा. मात्र कॉल चालू असताना फोनची वीज गेली तर बाय (कॉल संपल्याचा संदेश) येतच नाही आणि जागा अडून राहते. डायलॉगचा डीफॉल्ट टाइमआउट ४३,२०० सेकंद, म्हणजे १२ तास! म्हणून डायलॉग तयार करतानाच दोन्ही बाजूंना ऑप्शन्स पिंग (समोरचा अजून आहे का हे विचारणारा संदेश) चालू करा.

उत्तर २:
कमाइलिओतही हे जमतं. डिस्पॅचर या कॉल वाटणाऱ्या मॉड्यूलचा ‘अल्गोरिदम १०’ चालू कॉल मोजतो, मॅक्सलोड (कॉलची मर्यादा) ६० ठेवता येतो. फक्त उत्तर आलं, बाय आला किंवा कॉल फसला की लोडचा आकडा स्क्रिप्टमधून अद्ययावत करावा लागतो. विसरलात तर नोंद ७,२०० सेकंद तशीच राहते. लुआ किंवा पायथन भाषेत राउटिंग लिहायचं असेल तर मी कमाइलिओच घेईन.

दोन्हींत हमखास होणारी चूक: बाहेरच्या फोनने केलेला कॉल बरोबर ३२ व्या सेकंदाला तुटतो. रेकॉर्ड-रूटमध्ये (पुढचे संदेश कुठून न्यायचे ते सांगणाऱ्या हेडरमध्ये) खासगी आयपी गेला, की फोनचा एसीके (कॉल उचलल्याची पोच) परत पोचत नाही. ॲस्टेरिस्क २०० ओके (कॉल उचलल्याचा संदेश) पुन्हापुन्हा पाठवतो आणि शेवटी कॉल सोडतो. कमाइलिओत ‘लिसन’ ओळीत ‘ॲडव्हर्टाइज’ लिहून सार्वजनिक आयपी द्या. ओपनसिप्स ३ मध्ये ‘सॉकेट’ ओळीत ‘ॲज’ लिहून. मग एसएनग्रेप या एसआयपी संदेश दाखवणाऱ्या टूलमध्ये एसीके पोचतोय का ते बघा.

उत्तर ३:
आवाज या दोघांमधून जात नाही, हे विसरू नका. ॲस्टेरिस्कला सार्वजनिक आयपी असेल तर आरटीपीइंजिन (आवाज पुढे पाठवणारा वेगळा सर्व्हर) लागणार नाही: पीजेसिपमध्ये (ॲस्टेरिस्कच्या एसआयपी भागात) डायरेक्ट मीडिया (फोन ते फोन थेट आवाज) बंद, आरटीपी सिमेट्रिक (आवाज जिथून आला तिथेच परत पाठवणं) चालू, यूडीपी १०,००० ते २०,००० पोर्ट उघडे. जी.७११ या आवाजाच्या कोडेकला इथरनेट हेडर धरून प्रत्येक दिशेला ८७ केबीपीएस लागतात. ६० कॉल म्हणजे १२० बाजू, साधारण साडेदहा एमबीपीएस येताना आणि तितकेच जाताना.

घरच्या फोनची नोंदणी पुढच्या सर्व्हरवर असेल तर नॅटहेल्पर (राउटरमागच्या फोनसाठीचं मॉड्यूल) याचं पिंग २५ सेकंदांवर ठेवा. बरेच राउटर यूडीपीची वाट मिनिटाच्या आत बंद करतात आणि येणारे कॉल वाजतच नाहीत.